पिल्लू रस्त्यावर उतरलं, तर गच्चीची किल्ली कोणाकडे?

प्रति,
ज्या उंच इमारतीच्या सज्ज्यावर बहिरी ससाण्याचं घरटं आहे, तिचं व्यवस्थापन मंडळ
आणि ती इमारत ज्या शहरात उभी आहे, त्या शहराचं प्रशासन

स.न.वि.वि.

आपल्या सूचनाफलकावरची नोटीस आम्ही वाचली. तीन ओळींची आहे. इमारतीच्या आवारात पक्षी पाहण्यासाठी थांबता येणार नाही. बाहेरच्या कोणालाही गच्चीवर सोडलं जाणार नाही. बाहेरच्या काचांची धुलाई ठरलेल्या तारखांनाच होईल. सुट्या सुट्या वाचल्या तर या ओळींत गैर काही नाही, असे नियम कुठल्याही मोठ्या इमारतीत असतात. पण या तिन्ही ओळी ज्या पंधरवड्यावर येऊन पडतात, नेमक्या त्याच पंधरवड्यात वरच्या सज्ज्यावरची पिल्लं पहिल्यांदा उडणार आहेत. नोटीस लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आधी रीतसर अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. आता पिल्लांना थांबवून ठेवता येत नाही, तेव्हा हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी पक्षीतज्ज्ञ नाही. दिवसभर हिशेब तपासायचं काम करते. आमच्या गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, रात्रपाळी करून थेट दुर्बीण घेऊन येणारी परिचारिका आहे, एक बसचालक आहेत, महाविद्यालयातली चार-पाच मुलं आहेत. कोणाला याचे पैसे मिळत नाहीत आणि कोणी ते मागितलेलेही नाहीत. दर हंगामात पिल्लांना पंख फुटायच्या सुमारास आम्ही सुट्ट्या टाकतो, पाळ्या लावून घेतो आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या इमारतीच्या पायथ्याशी उभे राहतो. ऊन लागतं, मान आखडते, येणारा-जाणारा दर दहा मिनिटांनी ‘वर काय आहे हो?’ विचारतो. त्याला सांगायचं, दुर्बीण द्यायची, डोळा मात्र कठड्यावरून हलू द्यायचा नाही.

‘पक्षी पाहण्यासाठी थांबणे’ असे शब्द नोटिशीत आहेत. पक्षी पाहायचाच असेल तर तो आपण बसवलेल्या कॅमेऱ्यावर घरबसल्या दिसतो. आम्ही उभे असतो ते पक्षी पडतो म्हणून.

हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

बहिरी ससाणा काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. कड्याच्या कपारीत खडीमातीत छातीनं आणि पायांनी एक उथळ खळगा उकरायचा आणि त्यात तीन-चार अंडी घालायची, एवढाच त्याचा संसार. उंच इमारतीचा सज्जा त्याला कडाच वाटतो. अंडी साधारण 33 दिवस उबवली जातात आणि पिल्लं 38 ते 45 दिवसांची झाली की पहिली झेप घेतात. नर अंगानं लहान, मादीपेक्षा जवळपास एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे नर पिल्लं आधी निघतात आणि मादी पिल्लं काही दिवस मागे राहतात. म्हणजे सगळी पिल्लं एकाच दिवशी उडून मोकळी होत नाहीत. एक उडालेलं असतं, एक कठड्यावर असतं, एक अजून सज्ज्यावर घरट्यासाठी ठेवलेल्या पेटीच्या कोपऱ्यात बसलेलं असतं. पहिली काही उड्डाणं नीट जमेपर्यंत प्रत्येकाला धोका असतो. हे सगळं धरून दोन-अडीच आठवडे होतात.

त्याआधीचा आठवडा फार मजेचा असतो. अंगावरची पांढरी लव झडत असते, तिचे पुंजके वाऱ्यावर उडत खाली आमच्या डोक्यावर येतात. आतून तपकिरी पिसं निघतात. पिल्लं कठड्यावर येतात, नखांनी कड घट्ट धरतात आणि जोरजोरात पंख मारतात. वारा चांगला असला तर पाय क्षणभर सुटतात, पिल्लू हातभर वर उचललं जातं आणि स्वतःच दचकून पुन्हा कठडा पकडतं. आई-बाप तोवर भरवणं कमी करतात. पंजात शिकार धरून सज्ज्यासमोरून जातात आणि न थांबता पुढे निघून जातात. पिल्लं आकांत करतात. आई-बाप ढिम्म. मग त्यातलं एखादं भुकेनं, हट्टानं किंवा नुसत्या वाऱ्याच्या झोतानं निघतं.

पंख मारत तरंगणं त्यांना पहिल्याच दिवशी जमतं. उतरणं जमत नाही. वेग कधी कमी करायचा, पाय कधी पुढे काढायचे, वारा कोणत्या अंगावर घ्यायचा, हे सगळं उडाल्यावर शिकायचं असतं. कड्यावरच्या पिल्लाचा अंदाज चुकला तर खाली उतार असतो, झुडपं असतात, खडकांचे टप्पे असतात. तिथून फडफडत, चढत ते परत उंचावर येतं. आपल्या इमारतीवरून निघालेल्या पिल्लाला आधी समोरची काच भेटते. तिच्यात आभाळ दिसतं, म्हणून ते सरळ तिच्यात शिरायला जातं. काचेवरून घसरलं की खाली डांबर.

जमिनीवर आलेलं पिल्लू बहुतेक वेळा जखमी नसतं. पण सपाट जागेवरून सरळ वर उठण्याइतका जोर त्या कोवळ्या पंखांत नसतो. आई-बाप वर घिरट्या घालत ओरडतात, पण गजबजलेल्या रस्त्यात उतरून भरवणं त्यांच्याकडून सहसा होत नाही. पिल्लू मग चालू लागतं. उभ्या गाडीखाली शिरतं, वाहनतळाच्या उतारावरून आत जातं, गटाराच्या तोंडाशी बसतं. कोणी पाहिलं नसेल तर ते तिथेच संपतं. पाहिलं असेल तर त्याला उचलून पुन्हा उंचावर नेऊन ठेवायचं असतं, आणि त्यानंतरचं सगळं शिक्षण आई-बाप देतात. वर्षभराच्या आत अर्ध्याहून अधिक पिल्लं तशीही दगावतात. निसर्गाचा हा हिशेब आम्ही मान्य केलेला आहे. त्यात गाडीच्या चाकाची भर पडू नये, एवढ्यासाठी आम्ही तिथे असतो.

आमची कामाची पद्धतही सांगून ठेवते. इमारतीच्या तीन बाजूंना माणसं, प्रत्येकाकडे दुर्बीण आणि वॉकी-टॉकी, एकाजवळ तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं दाखवणारी मोठी दुर्बीण. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची असताना परवानाधारक जाणकार त्यांच्या पायात ओळखीची कडी घालतात, त्या वेळी कड्यांवर वेगवेगळ्या रंगांची चिकटपट्टीही लावली जाते. त्यामुळे ‘लाल उडालं, मागच्या गच्चीवर उतरलं, पिवळं अजून कठड्यावर’ असं आम्हाला एकमेकांना सांगता येतं. संध्याकाळी प्रत्येक रंगाचा ठावठिकाणा लागल्याशिवाय कोणी घरी जात नाही. खालच्या सज्ज्यावर किंवा झाडावर सुखरूप बसलेल्या पिल्लाला आम्ही हात लावत नाही, खायला तर कधीच घालत नाही. सेल्फीसाठी जवळ जाणाऱ्यांना लांब ठेवणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे, आणि खरं सांगायचं तर सर्वांत कंटाळवाणा.

उचलायची वेळ आली तर परवाना असलेला माणूसच उचलतो. पिल्लू पाठीवर पडतं, चोच उघडून फुसकारतं आणि दोन्ही पंजे वर करतं. पंजे अंगाच्या मानानं इतके मोठे असतात की ते दुसऱ्या कोणाचे असावेत असं वाटतं. छातीवर तपकिरी उभ्या रेघा असतात, टाळूवर लवेचे दोन-चार झुपके राहिलेले असतात. वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं एक टोक असतं. शिकारीची मान मोडायला त्याचा उपयोग होतो, आणि ते जाड हातमोज्यातूनही कळतं. अंगावर टॉवेल पडला, डोळ्यांपुढे अंधार झाला की फुसकारणं थांबतं. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं, पंख आणि डोळे तपासून घ्यायचे आणि ठीक असेल तर वर न्यायचं. वर म्हणजे गच्चीवर. घरट्याच्या सज्ज्यावर परत ठेवायला गेलं तर तिथे मागे राहिलेली भावंडं घाबरून वेळेआधीच उड्या टाकतात. म्हणून गच्ची लागते, आणि गच्चीसाठी किल्ली लागते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार उभं राहण्याच्या जागेची. आवाराबाहेरच्या फुटपाथवर उभे राहा, असं सुरक्षारक्षक सांगतात. बिचाऱ्यांना तसाच हुकूम आहे, आणि त्यांच्यातले काही जण आमच्याइतकेच पिल्लांच्या प्रेमात आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी एका शब्दाची तक्रार नाही. पण फुटपाथवरून घरट्याचा कठडा दिसत नाही, वरच्या मजल्यांची बाहेर आलेली पट्टी आड येते. इमारतीची मागची बाजू तर तिथून दिसतच नाही, आणि वाहनतळाचा उतार मागच्याच बाजूला आहे. पिल्लू कुठून निघालं आणि कुठे गेलं, हे ज्याला दिसत नाही, त्यानं तिथे उभं राहून करायचं काय? आम्हाला पुढच्या चौकात दोघांना आणि मागे एकाला उभं राहता येईल एवढीच जागा हवी आहे. ये-जा करणाऱ्यांची वाट आम्ही अडवत नाही. अडवतो असं कोणाला वाटत असेल तर जमिनीवर खडूनं चौकोन आखून द्या, त्यातच उभे राहू.

दुसरी तक्रार किल्लीची, आणि ती जुनी आहे. गेल्या हंगामात एक पिल्लू दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला मिळालं. अंगावर ओरखडा नव्हता. पंधरा मिनिटांत गच्चीवर ठेवता आलं असतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते घरी गेले होते, त्यांचा फोन बंद होता, दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला सांगता येईना. पिल्लानं रात्र खोक्यात काढली. आई वरच्या दिव्याच्या खांबावर बसून अंधार पडेपर्यंत हाका मारत होती. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडल्यावर सही-शिक्का होऊन ते वर गेलं. ते वाचलं. पण रात्रभराची उपासमार आणि ताण हे काही त्या वयात किरकोळ नसतं. यंदा दुसरी किल्ली ठेवण्याऐवजी गच्चीच बंद करण्यात आली आहे.

तिसरी, हवा खेळती ठेवणाऱ्या झडपांची. गच्चीवरच्या मोठ्या झडपेच्या तोंडाला जाळी नाही, हे आम्ही लेखी कळवलं होतं. ससाण्याच्या पिल्लांना अशी अंधारी भोकं कपारीसारखी वाटतात, ती आत डोकावतात आणि गुळगुळीत नळातून थेट तळाला जातात. एक गेलं. खालच्या मजल्यावरच्या लोकांना वास आला तेव्हा ते सापडलं. त्यानंतर जाळी बसली. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणून आम्ही तेही सोडून दिलं असतं, पण ती जाळी देखभालीच्या कामासाठी काढली गेली आहे आणि परत बसवल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

चौथी, काचांच्या धुलाईची. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हा प्रश्न फक्त पक्ष्यांचा नाही. पाळण्यातून किंवा दोरावरून काचा धुणारा माणूस कठड्याच्या उंचीला आला की मादी हल्ला करते. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. घरट्यापाशी ती एवढ्या वेगानं येत नाही, पण मागून, आवाज न करता, डोक्याच्या दिशेनं येते. एवढ्या उंचीवर दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडू देणं योग्य आहे का, हे आपण ज्यांना कंत्राट दिलं त्यांना विचारलंत का? कामगारांना सांगितलंत का? आणि पिल्लांचं म्हणाल तर, सज्ज्यापाशी अचानक माणूस आला की महिन्याभराचं पिल्लूसुद्धा उडी टाकतं. त्याच्या पंखांची पिसं अजून पुरी वाढलेली नसतात. ते उडत नाही, दगडासारखं खाली येतं. धुलाई तीन आठवडे पुढे ढकलली तर काचांवर धूळ राहील, याहून जास्त काही होणार नाही. बाकीच्या तीन बाजू आधी धुऊन घ्या, घरट्याची बाजू शेवटी ठेवा, म्हणजे वेळापत्रकही फारसं मोडणार नाही.

पाचवी तक्रार लिहावी की नाही याचा विचार केला, पण लिहितेच. इमारतीच्या दिवाणखान्यात मोठ्या पडद्यावर घरट्याचं थेट चित्रण चालतं. भाडेकरूंना पाठवायच्या पत्रिकेवर ससाणा आहे. दारातल्या पाटीवर ‘निसर्ग परतला’ अशी ओळ आहे. कॅमेरा बसवलात हे उत्तमच केलंत, शाळेतली मुलं तो पाहतात. पण तो कॅमेरा पेटीच्या तोंडावर रोखलेला आहे. पिल्लू पेटीतून निघालं की ते त्याच्या नजरेतून गेलं. तिथून पुढे त्याला पाहायला खाली उभी असलेली माणसंच आहेत, आणि त्यांनाच हाकलायचं ठरलं आहे.

आणि ‘निसर्ग परतला’ हेही तसं अर्धवटच आहे. हा पक्षी शहरात आपल्या आपण आला, पण टिकला तो माणसांनी हातभार लावल्यावर. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर एक जोडी 1936 पासून येऊ लागली. उघड्या दगडी सज्ज्यावर अंडी टिकेनात. मग माणसांनी तिथे वाळू-खडीचे ट्रे ठेवले आणि पिल्लं निघू लागली. 1952 पर्यंत तो सज्जा नांदता होता. तोवर डीडीटी हे कीटकनाशक सर्रास वापरात आलं होतं. त्याचा अंश पक्ष्यांच्या अंगात साठत गेला, अंड्यांची कवचं पातळ झाली आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाखाली ती फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या अभ्यासकांनी संग्रहांतली जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली आणि 1967 मध्ये हे दाखवून दिलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारी एकही जोडी उरलेली नव्हती. 1970 मध्ये पक्षीतज्ज्ञ टॉम केड यांनी बहिरी ससाणा वाचवण्यासाठी ‘पेरेग्रिन फंड’ ही संस्था उभी केली, कॉर्नेल विद्यापीठात बंदिस्त जागेत पिल्लं वाढवायला सुरुवात झाली. 1972 मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली. वाढवलेली पिल्लं कड्यांवर, मनोऱ्यांवर, पुढे शहरातल्या उंच इमारतींवर पेट्यांत ठेवली गेली आणि ती उडायला, शिकार करायला शिकेपर्यंत माणसं तिथे मुक्काम ठोकून राहिली. 1999 मध्ये हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. आम्ही करतो ते त्याच मुक्कामाचं आजचं रूप आहे. तेव्हा पाटीवरची ओळ तशीच ठेवा, आमची हरकत नाही, पण निसर्ग परत आणणाऱ्यांत खाली उभं राहणारी माणसंही होती, एवढं लक्षात असू द्या.

शहर प्रशासनालाही थोडं सांगायचं आहे, कारण आवाराबाहेर पाऊल टाकलं की जबाबदारी आपली. वन्यजीव मदतीचा जो क्रमांक आपण जाहीर केला आहे, तो सुट्टीच्या दिवशी कोणी उचलत नाही. पिल्लांना सुट्टीचा दिवस कळत नाही. शेजारच्या इमारतींवर कबुतरांसाठी लावलेली जाळी ढिली होऊन लोंबते आहे, तिच्यात पिल्लाचा पंख अडकला तर ते जितकं सोडवायला जाईल तितकं गुरफटेल. कबुतरं मारायला विष ठेवण्याचे प्रकारही अधूनमधून कानावर येतात. बहिरी ससाण्याचं शहरातलं मुख्य अन्न कबुतर आहे, त्यामुळे ते विष शेवटी कोणाच्या पोटात जातं ते वेगळं सांगायला नको. आणि ड्रोन. घरट्याचं जवळून चित्रण मिळावं म्हणून गेल्या खेपेला कोणीतरी ड्रोन थेट सज्ज्यासमोर नेऊन थांबवला होता. मादी त्याच्यावर तुटून पडली. तिचा पंख पात्यांत सापडला असता तर त्या हंगामातल्या पिल्लांवर उपासमारीची वेळ आली असती, एकट्या नराला एवढ्या तोंडांना पुरं पडणं अवघड असतं.

आपल्याकडून दोन उत्तरं तोंडी मिळाली आहेत, त्यांनाही उत्तर देते.

एक म्हणजे, ‘निसर्गाला त्याचं काम करू द्यावं.’ हे कड्यावर पटलं असतं. काच, गाडी, जाळी, उघडी झडप यांतलं काहीच निसर्गानं ठेवलेलं नाही. आम्ही वादळाशी भांडत नाही, दुसऱ्या ससाण्यानं घरट्यावर हक्क सांगितला तर मध्ये पडत नाही, आजारी पिल्लाला भावंडांनी मागे सारलं तर पाहत राहतो. माणसानं जे मध्ये आणून ठेवलं आहे, तेवढ्यापुरताच आम्ही हात घालतो.

दुसरं, ‘कोणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण?’ ही काळजी रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. प्रत्येक स्वयंसेवक आपल्या जबाबदारीवर उभा आहे असं लिहून द्यायला तयार आहे. गच्चीवर आमच्यापैकी फक्त परवानाधारक व्यक्ती आणि तिच्यासोबत एक मदतनीस जाईल, तेही आपल्या माणसाबरोबर, सुरक्षा पट्टा बांधून. यापेक्षा जास्त अट असेल तर ती सांगा. अट न सांगता दार बंद करण्यावर मात्र आमच्याकडे काही इलाज नाही.

मागण्या अशा आहेत.

1. पहिलं पिल्लू 35 दिवसांचं झाल्यापासून शेवटचं पिल्लू नीट उडू लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, आवारात आम्हाला तीन ठरावीक जागी उभं राहू द्यावं.

2. त्या काळात गच्चीची एक किल्ली पहाऱ्याच्या चौकीत ठेवावी आणि कोणत्याही वेळी दार उघडून देण्याचा अधिकार पाळीवरच्या रक्षकाला लेखी द्यावा.

3. घरट्याच्या बाजूची धुलाई, रंगकाम आणि दुरुस्ती तेवढे दिवस थांबवावी. ज्या कामगारांना त्या उंचीवर जावंच लागेल त्यांना आधी कल्पना द्यावी.

4. झडपेची जाळी परत बसवावी. हे काम उद्याही होण्यासारखं आहे.

5. प्रशासनानं मदतीचा क्रमांक सुट्टीच्या दिवशीही चालू ठेवावा, घरट्याभोवती ड्रोनला मनाई करून तसा फलक लावावा, शेजारच्या इमारतींना लोंबती जाळी ताणून घ्यायला सांगावं आणि विष ठेवणाऱ्यांची चौकशी करावी.

6. मागच्या उतारावरची वाहनांची ये-जा पूर्ण बंद करा असं आम्ही म्हणत नाही. वेग कमी ठेवायला लावणारा एक अडथळा आणि ‘पिल्लं खाली असू शकतात’ अशी एक पाटी पुरे. पाटी आम्ही रंगवून देऊ.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. पैसा लागणार असेल तर तो जाळीला आणि अडथळ्याला, आणि तेवढा गटातून उभा करायचीही आमची तयारी आहे.

यंदाची पिल्लं अजून पांढरी आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायात कडी घालायला जाणकार येणार आहेत, त्यासाठी त्या दिवशी गच्ची उघडावीच लागेल, आणि तशी परवानगी आपण दिलेलीही आहे. त्याच दिवशी आपला एक जबाबदार माणूस त्यांच्यासोबत वर पाठवा. किल्ली कुठे टांगायची, रात्री कोणाला फोन करायचा आणि झडपेचं तोंड किती रुंद आहे, हे तिथेच ठरवून आणि मोजून घेऊ. पाळ्यांची यादी आणि प्रत्येकाचा फोन क्रमांक मी त्याच दिवशी चौकीत आणून देते.

कळावे,
स्वयंसेवकांच्या वतीनं
आपल्याच इमारतीखाली उभी राहणारी एक